रिकामी बसलेली लाईन

स्मृतिकेंद्राच्या काउंटरवर कुंदा खर्डेकर इंजिनियरवर खेकसत होती. शेजारी तिचे वडील, नाना, हातातल्या चपलेकडे बघत उभे होते. ती कुठे घालायची, हे त्यांना आठवत नव्हतं.

“काल झोपेपर्यंत चांगले बोलत होते! यांची लाईन तोडली कोणी?”

“आवाज खाली, बाई,” इंजिनियर वैजनाथ गुर्मीत म्हणाला. “एकेका म्हाताऱ्याच्या डोक्यात सहा-सहा मदतनीस प्रोग्राम. नावं आठवून द्यायला एक, रस्ते आठवून द्यायला एक. काम असो नसो, सगळे पेशंटच्या आठवणी साठवलेल्या आमच्या स्मृतिकोशाची एकेक लाईन अडवून बसतात. नव्या पेशंटना लाईन मिळेना. म्हणून कालपासून नियम केला. दहा मिनिटं ज्याने काही मागितलं नाही, त्याची लाईन बंद.”

“झोपलेला माणूस काय मागणार, कपाळ?”

“मग उठल्यावर मागायचं! मनात नुसतं ‘आठवण दे’ म्हटलं, की लाईन परत जोडली जाते. तुमच्या वडिलांना एवढंही जमत नाही?”

कुंदाने नानांना दंडाला धरून त्याच्या पुढ्यात उभं केलं.

“नाना, मागा.”

नाना वैजनाथकडे बघून ओशाळं हसले.

“काय मागायचं असतं?”