गिझरची पूजा

खंडेनवमीला स्कूटर, मिक्सर, पाण्याची मोटर अशी सगळी पूजा उरकून दिगंबर झेंडूची माळ घेऊन बाथरूममध्ये शिरला, तर गिझर उघडा पडलेला. मेकॅनिक त्यातून क्षाराचे पांढरे खडे काढून बादलीत टाकत होता.

"मीच बोलावलं त्यांना," शैलजा म्हणाली. "नऊ वर्षं तुम्ही याला बाहेरून हळदकुंकू लावताय. बोअरचं पाणी आहे, आतून साफ करून घ्या, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"चालत्या वस्तूला कशाला हात लावायचा?" तो नेहमीसारखंच म्हणाला.

"आता नाही चालायची," मेकॅनिक म्हणाला. "क्षारानं टाकी खाल्लीय. वर्षातून एकदा धुतली असती तर अजून पाच-सहा वर्षं सहज गेली असती."

शैलजाने कपाळावर हात मारला. दिगंबर खड्यांची बादली उचलून खाली ओतायला गेला. दोनच जिने चढून परत आला, तोही भिंत धरून, आणि धापा टाकत दारातच बसला.

"काही नाही," तो म्हणाला. "चालतंय."

हे ती दोन वर्षं ऐकत होती. दर पाडव्याला त्याला ओवाळत होती. दवाखान्यात मात्र एकदाही नेलं नव्हतं. सकाळपासून ती त्याच्यावर राग काढत होती; आता तिला स्वतःचाच राग आला. तिने पायांत चपला सरकवल्या.

"उठा, दवाखाना उघडा आहे," ती म्हणाली. "गिझर काय, नवा आणता येईल."