टिंब नजरेआड होईपर्यंत

“गेन किती ठेवलास?” काकांनी विचारलं.

“चाळीस,” काकू म्हणाल्या.

“आणि विमानतळाजवळचं विमान?”

“दिसत नाहीये.”

“मग काय करायचं?”

“गेन कमी.”

काकांना शाबासकी द्यावीशी वाटली, पण त्यांनी नुसती मान डोलावली.

गच्चीवर अँटेना, मागच्या खोलीत रिसीव्हर आणि संगणक. डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान नकाशावर टिंब होऊन सरकायचं. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं काकांचा हाच उद्योग. सगळी इमारत त्यांना टॉवरकाका म्हणायची आणि काही दोष नसताना त्यांची बायको टॉवरकाकू झाली होती.

गेन म्हणजे रिसीव्हरने कान किती टवकारायचे, त्याचा आकडा. जास्त ठेवला तर लांबलांबची विमानं ऐकू येतात, पण जवळून एखादं गेलं की कान बधिर होतो आणि नेमकं तेच टिंब गायब. कमी ठेवला तर जवळचं नीट, लांबचं गेलं. म्हणून विमान उडताना आकडा खाली ठेवायचा आणि ते लांब जाईल तसतसा चढवायचा. या आकड्याला काकांनी आजवर कोणाला बोट लावू दिलं नव्हतं.

पण आता घोडं अडलं होतं. परदेशातल्या लेकीचा मुलगा रांगायला लागला तरी आजोबांनी त्याला पाहिलं नव्हतं. काकू तीन महिने राहून आल्या होत्या, आता काकांची पाळी होती. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. हजारो विमानं मोजलेला हा माणूस एकातही बसला नव्हता. बसायचीच त्यांना भीती वाटायची.

शेवटी त्यांनी अट घातली. “मी जातो. पण नकाशाबाहेर जाईपर्यंत तू माझ्यावरची नजर काढायची नाहीस. कोणीतरी बघतंय म्हटलं की धीर येतो.”

“शिकवा मला,” काकू म्हणाल्या.

आणि त्या शिकल्या. रिसीव्हरमध्ये खरखर येते म्हणून मिक्सर माळ्यावर आणि फ्रीज व्हरांड्यात गेला, तेव्हा हीच बाई चार दिवस अबोला धरून बसली होती. आता ती वहीत आकडे उतरवत होती, आणि प्रश्नसुद्धा नेमके विचारत होती.

“अहो, टिंब एकदा बाहेर गेलं की गेलं ना? मध्येच मागे तर नाही ना फिरत?”

“फिरलं तर पुन्हा दिसेल.”

“म्हणजे आणखी दहा मिनिटं बसलेलं बरं.”

काकांना भरून आलं. बायकोचा आपल्यावर एवढा जीव आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तसं त्यांचं तोंड बहुतेक वेळ पडद्याकडेच असायचं म्हणा.

जायच्या दिवशी टॅक्सीत बसताना त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं. विमानतळावरून फोन आला. आवाज कापरा होता. “आता फोन बंद ठेवतो.”

“खुशाल जा. मी आहे.”

ठरल्या वेळेला टिंब उमटलं. काकूंनी गेन वीसवर ठेवला होता. टिंब वळलं, वर चढलं, लांब जाऊ लागलं. मग एकदम नाहीसं झालं.

“अगं बाई!” काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने त्यांनी आकडा चढवला. अठ्ठावीस. छत्तीस. टिंब पुन्हा दिसलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. चहा समोर गार झाला, तरी नजर हलली नाही.

अर्ध्या तासाने टिंब नकाशाच्या कडेला पोचलं, लुकलुकलं आणि गेलं. काकू आणखी दहा मिनिटं बसून राहिल्या. ते परत आलं नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि फोन उचलला.

“भंगारवाले दादा? हां, गेले. या तुम्ही.”

दादा खालीच थांबले होते. पंधरा मिनिटांत अँटेना उतरली, तारा गुंडाळल्या गेल्या, संगणक आणि रिसीव्हर गोणीत गेले. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकू खिडकीत उभ्या होत्या.

मग त्या मागच्या खोलीत मधोमध फरशीवर हातपाय पसरून पडल्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जरासंच. जीव मात्र अगदी हलका झाला होता.

बेल वाजली. दादा काहीतरी विसरले असणार.

“आणखी काय राहिलं?” म्हणत त्यांनी दार उघडलं.

दारात बॅग घेऊन काका उभे होते.

“बसलोच नाही गं,” ते ओशाळून म्हणाले. मग त्यांना राहवेना. “पण सांग ना, किती लांबपर्यंत दिसलो मी?”