सत्त्याऐंशी आणि सत्त्याऐंशी

"पण ते यंत्र मोठा आकडा हुडकतं तरी कसं गं?" एउलालियानं विचारलं. नान्दुतीची नक्षीदार जाळी विणताना सुई तिसऱ्यांदा तिच्या बोटात रुतली होती.

झुनिल्दानं थंडगार तेरेरेचा पेला आईच्या हातात दिला. "सोप्पंय. यादीतल्या पहिल्याला खुर्चीत बसवायचं. मग एकेकाला पुढे आणायचं. ज्याचे गुण जास्त, तो बसलेल्याला उठवून स्वतः बसतो. शेवटी जो खुर्चीत, तो सगळ्यांत मोठा."

"आणि गुण सारखेच निघाले तर?"

"तर बसलेला बसूनच राहतो."

"फुकटचा मान मेल्याला!" म्हातारी खुदकन हसली.

राजधानीहून आलेल्या डॉक्टरांकडे मोतीबिंदूचं आता एकच ऑपरेशन उरलं होतं. पुढचं थेट वर्षानं. तपासणीत ज्याला गरजेचे गुण सर्वांत जास्त, त्याचा नंबर. वशिल्याची कुजबुज नको म्हणून नगरपालिकेनं निवड झुनिल्दाच्या प्रोग्रामवर सोपवली होती.

गुणांचे कागद तिनं दोनदा तपासले. आईला सत्त्याऐंशी. चिपाचे पाव भाजून विकणाऱ्या पोर्फिरियालाही सत्त्याऐंशी. बाकी सगळे खाली. आईनं पहाटेच नोंदवल्यामुळे तिचं नाव पहिलं, पोर्फिरियाचं शेवटचं. म्हणजे काही न करता आईच.

पण पोर्फिरियाचा हात परवाच भट्टीत भाजला होता. पदरात दोन कच्चीबच्ची, नवरा परागंदा. 'आईला निदान मी तरी आहे,' झुनिल्दा पुटपुटली आणि तिला रडूच फुटलं. तिनं प्रोग्राममध्ये एवढंच बदललं: गुण सारखे असले तरी नंतर येणारा बसलेल्याला उठवील. आईला सांगायची काही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे नगरपालिकेत जमले. नर्स ब्लासिदानं यादी भरून दिली. झुनिल्दानं आईकडे न बघता बटण दाबलं.

पडद्यावर नाव आलं: एउलालिया बेनीतेस.

टाळ्या पडल्या. पोर्फिरियानं डोळे पुसत म्हातारीला मिठी मारली. "नशीब काढलंत हो मावशी!"

झुनिल्दानं पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेकीचा दंड धरून ती कुजबुजली, "तुझं यंत्र चुकलं गं! त्या पोरीचे नि माझे गुण सारखे कळले, म्हणून कालच नर्सबाईच्या हातापाया पडून मी माझं नाव तिच्या खाली, अगदी शेवटी घालून घेतलं होतं."