धोंडूतात्यांचं घड्याळ

संपात गिरणीचा भोंगा मुका झाला आणि लालबागच्या आख्ख्या चाळीला वेळ कळेना. नेमकी तेव्हाच वनिताची पोरगी जन्मली, मांजराच्या पिल्लाएवढी. नर्सबाईंनी दटावलं, "बरोब्बर दर दोन तासांनी पाज, नाहीतर वजन भरायचं नाही!" वनिताच्या घरात घड्याळ कुठलं? ती भिंतीपलीकडच्या धोंडूतात्यांना हाक मारायची, "तात्या, झाले काय दोन तास?" तात्या आतूनच कधी म्हणत, "थांब गो जरा," तर कधी, "झाले, झाले, घे पदराखाली!"

महिन्याभरात पोरगी भोपळ्यासारखी टरारली. वनिता अळिवाचा लाडू घेऊन तात्यांकडे गेली. "तात्या, तुमच्या घड्याळाचे उपकार हो!"

"घड्याळ? अगो, मी जन्मभर भोंग्यावर चाललेला माणूस. तुझी पोर रडली, की म्हणायचो, झाले दोन तास!"