बिनआवाजी माग

गावातली कापडगिरणी जोरात होती, तेव्हा मागांच्या खडखडाटात कानाला तोंड लावलं तरी काही ऐकू यायचं नाही. मालक रोज फेरीला आले की म्हातारा विणकर हात जोडून, हसतमुखाने त्यांना मनसोक्त शिव्या घालायचा. मालकही हात उंचावून हसत आशीर्वाद दिल्यासारखं पुटपुटायचे.

मग गिरणीला कुलूप लागलं, गाव ओस पडलं. बारा वर्षांनी गिरणी पुन्हा उघडली, तीही नव्याकोऱ्या, बिनआवाजी मागांनिशी.

पहिल्याच फेरीला विणकराने सवयीने हात जोडले. "आला का ढेरपोट्या!"

त्याच क्षणी मालकांचा हात वर गेला. "अजून जिवंत आहेस का, कामचुकार गाढवा!"

अख्खी गिरणी वळून बघायला लागली.

मालकांनी घसा खाकरून मॅनेजरला विचारलं, "ते जुने माग भंगारात नाही ना दिले?"