पहिला घाणा

"उतर खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अक्षदा काट्यावरून उतरली आणि चपला शोधायला लागली. दारात चौथीची सगळी पोरं गर्दी करून उभी. मागनं कुणीतरी ओरडलं, "ए, ट्रकचा काटा आणा रे हिला!" सगळी खदाखदा हसली.

राजरत्न भिंतीला टेकून उभा होता. पोरीच्या बापाला बोलवा म्हटल्यावर तसाच आलेला, हाताला बेसन वाळलेलं. शाळेच्या गेटसमोर वडापावची गाडी त्याचीच. त्यामुळं हसणारं एकेक पोरगं त्याच्या ओळखीचं. कुणाला सुकी चटणी जास्त लागते, कोण मिरची मागून घेतं, सगळं त्याला पाठ. आज त्यांच्याकडं बघवेना.

"अंग एवढं, आणि रक्त बघाल तर अंगात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्री काय जेवते ही?"

"घरचंच, मॅडम. भाकरी, वरण."

"खरं सांगा."

"गाडीवरचे वडे उरले तर खाते. आवड आहे तिला."

"आवड! तुमच्याकडं पोरांच्या खाण्याकडं कुणी बघतच नाही का हो?"

त्यातलं 'तुमच्याकडं' कुठलं, ते राजरत्नला बरोबर कळलं. बुवापाड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाला निळा झेंडा आहे. पत्ता सांगितला की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. एरवी त्यानं उत्तर दिलं असतं. आज पोरगी समोर होती आणि काटाही समोर होता.

ह्याच डॉक्टरीणबाई गेल्या पावसाळ्यात पण आल्या होत्या. वर्गातल्या पोरांना उलट्या लागल्या होत्या. अक्षदाच्या बाकावरच्या श्रद्धाला तर सलाइन लावलं. तेव्हा सगळ्यांनी नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या, आणि राजरत्ननं सगळ्यात मोठ्यानं. आज तेवढा आवाज कुठून काढायचा?

तो पोरीला घेऊन बाहेर पडला. ती मागं मागं चालत होती. तिचा हात धरायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा लोक बघतायत असं वाटलं, मग राहिलंच.

खरं तर ह्या अंगाचा त्याला अभिमान होता. तो स्वतः कोऱ्या चहात पाव बुडवून वाढलेला. शाळेत त्याच्या बरगड्यांवर पोरं पट्टी वाजवायची. म्हणून अक्षदाचे गाल भरले तसा तो गल्लीत सांगत सुटला, "माझी पोरगी बघा, खात्यापित्या घरची दिसते." बायको प्रीती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. थकून आली तरी कुरकुरायची, "अहो, आवरा पोरीला." तो म्हणायचा, "खाऊ दे गं. आपल्याला कुठं मिळालं?"

त्यात त्याची सोय पण होती. आधी वडे उरायचे. मग ते सकाळी शाळेच्या वेळेला पहिल्या घाण्यात परत सोडायचे, ताज्यात मिसळून जायचे. धंद्यात सगळेच करतात. आता पोरगी उरलेल्या वड्यांचा डबा रिकामा करूनच उठायची, उरायचा प्रश्नच मिटला.

पोरीवर त्यानं हात उचलला तो एकदाच. वडे गल्लीतल्या कुत्र्यांना घातले म्हणून. "अन्न टाकतेस? बाप कढईसमोर जळतो तो काय कुत्र्यांसाठी?" त्यानंतर तिनं कधी काही टाकलं नाही.

त्या संध्याकाळी गाडी लावून तो घरी आला आणि डबा थेट माळ्यावर ठेवला.

"आजपासून वडा बंद. वास पण घ्यायचा नाही. कळलं?"

अक्षदानं मान हलवली. प्रीतीनं भाकरी आणि मेथी वाढली. पोरीनं मुकाट्यानं खाल्ली. राजरत्नला जरा बरं वाटलं. तो कढई घासायला बाहेर गेला.

परत आला तर पोरगी स्टुलावर उभी. डबा छातीशी धरलेला. एक वडा तोंडात, दुसरा हातात. चटणी नाही, पाव नाही, गार तेलकट वडा नुसता कोंबत होती. डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मध्येच उमासा आला तशी तिनं तोंडावर हात दाबला, तांब्यातलं पाणी ढोसलं आणि परत डब्यात हात घातला.

राजरत्ननं तिचं मनगट धरलं.

"शरम वाटत नाही? सगळ्या शाळेसमोर बापाला मान खाली घालायला लावलीस! एवढं आवडतं?"

"नाही आवडत," अक्षदा म्हणाली. घास खाली जात नव्हता. "वास पण नाही आवडत, पप्पा."

"मग कोंबतेस कशाला?"

पोरीनं आईकडं बघितलं. प्रीती पीठ लागलेले हात घेऊन तशीच उभी. मग पोरीनं डब्यात बघितलं.

"राहिले की तुम्ही सकाळी परत तळता. उलट्या लागल्या त्या दिवशी श्रद्धानं पहिल्या घाण्यातलाच खाल्ला होता, माझ्यासमोर. मी कुणालाच नाही सांगितलं, पप्पा. सोडा ना हात, अजून राहिलेत."