मनुबाईंचा मोकळा प्लॉट

विकास आराखडा माणसांसाठी असतो. म्हणून सर्वेक्षणात आम्ही आधी मोकळ्या जागा शोधतो.

आष्ट्यात मनुबाईंचा प्लॉट सापडला. मोकळा नोंदवला की त्यावर बागेचं आरक्षण पडणार होतं.

"आवं सायेब, मोकळा लिवू नगा," त्या म्हणाल्या. "माझ्या वीरधवलचं घर व्हनार हाय तितं."

वीरधवल त्यांचा मुलगा, मिलिटरीत होता. गेल्या दिवाळीला शवपेटीतून घरी आला.

ड्रोनच्या फोटोत प्लॉटवर दोरी दिसली आणि दोरीवर ओला लष्करी शर्ट. जाऊन पाहिलं तर नुसतं गवत.

पुन्हा ड्रोन उडवला. आता शर्ट वाळला होता.

तिसऱ्या फोटोत तो अंगात घालून कुणीतरी वाकून पांढऱ्या फक्कीनं पाया आखत होतं.

मनुबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "बघा की, लागलाय कामाला."

फक्कीची आखणी बांधकामात धरत नाहीत. आम्ही जागा मोकळी नोंदवली.